शालीची उलटी बाजू बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीच्या पेटीतून एक जुनी शाल निघाली. मातकट लाल रंग, दोन्ही टोकांना हातभर पदर, पदरात लांब मानेच्या कोयऱ्या. दोन-तीन ठिकाणी कसर लागलेली. घरातल्या कुणीतरी बोटातली अंगठी काढून परीक्षा घेतली, शाल अडकली आणि तिच्यावर ‘नकली’ असा शिक्का बसला. एक दुकानदार मात्र ती लगेच घ्यायला तयार आहे. शाल खरी काश्मिरी आहे का, ते घरी कळू शकेल का, आणि बाजारात ‘पश्मिना’ दोन हजारांपासून दोन लाखांपर्यंत कशी काय मिळते?

पहिलं सांगते, शाल इतक्यात विकू नका. अंगठीत अडकली हे तिच्या विरुद्ध जात नाही. वर्णनावरून मला जी शंका येतेय ती खरी असेल तर ती अडकायलाच हवी.

मी गेली सव्वीस वर्षं जुनी वस्त्रं दुरुस्त करण्याचं आणि जतन करण्याचं काम करते. सुरुवात येवल्यात पैठणीच्या मागावर झाली. पुढे तीन हिवाळे श्रीनगरच्या रफूगरांकडे आणि काश्मीरमधल्या कानिहामा गावच्या विणकरांकडे शिकण्यात गेले. त्यामुळे उत्तर लांबेल, पण ओळखायचं कसं हे कळायचं तर शाल होते कशी ते कळायला हवं.

अंगठीचं आधी निकालात काढू. ही परीक्षा मुळात शहातूशची. शहातूश म्हणजे तिबेटच्या पठारावरच्या चिरू नावाच्या हरणासारख्या रानटी प्राण्याची लोकर. पश्मिन्याहून बारीक, त्यामुळे अख्खी शाल अंगठीतून सरकन निघे. पण हा प्राणी पाळता येत नाही, विंचरता येत नाही, लोकरीसाठी त्याला मारावं लागतं. एका शालीमागे तीन-चार जीव जातात. चिरूला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याच्या लोकरीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखालीही बंद आहे. कुणी शहातूश म्हणून काही दाखवलं तर हात लावू नका, भाव तर मुळीच विचारू नका.

परीक्षा मात्र मागे उरली आणि पश्मिन्याला चिकटली. साधी पातळ पश्मिना अंगठीतून जाते, हे खरं. पण पातळ रेशीम जातं, व्हिस्कोसचा स्टोलही जातो. आणि मागावर नक्षी विणलेली जुनी कानी शाल अंगात भरलेली असते, ती जात नाही. जे खोट्याला पास करतं आणि खऱ्याला नापास करतं, त्याला परीक्षा कसं म्हणायचं?

आता लोकरीकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, काश्मिरी शालीची बकरी काश्मीरच्या कुरणात चरत असेल. ती चरते लडाखच्या चांगथांग पठारावर, चौदा हजार फुटांच्या वर. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीस-चाळीसपर्यंत उतरतो. वरच्या राठ केसांच्या आत, कातडीलगत, ही बकरी थंडीपुरती मऊ लव वाढवते. तीच पश्म. फारसीत पश्म म्हणजे लोकर, त्यावरून पश्मिना. उन्हाळा लागताना ही लव आपोआप सुटू लागते, तेव्हा चांगपा मेंढपाळ बकरी आडवी पाडून लांब दातांच्या फणीने ती विंचरून काढतात, मेंढीसारखी कातरत नाहीत. एका बकरीपासून वर्षाला कच्चा माल पाव किलोच्या आत-बाहेर, बऱ्याचदा त्याहून कमी. त्यातले राठ केस, कोंडा, माती काढली की उरतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. साध्या, बिननक्षीच्या एका शालीला दोन-तीन बकऱ्यांची वर्षभराची लव लागते, ती अशी. हीच बकरी खाली आणली तर ती थंडीच नाही आणि मग ती लवही तशी येत नाही. म्हणूनच लडाखची लोकर आणि श्रीनगरचे हात ही जोडी शतकानुशतकं टिकली. लडाख आणि तिबेट यांच्यात झालेल्या १६८४च्या तिंगमोसगंगच्या तहात तर लडाखमार्गे येणारी पश्म काश्मीरलाच मिळावी अशी बांधून घेतलेली अट आहे.

या तंतूची जाडी बारा ते सोळा मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी. लांबी बोटाएवढी, तीही जेमतेम. आपल्या दख्खनी मेंढीच्या राठ, टिकाऊ लोकरीचं घोंगडं पावसात मेंढपाळाच्या खांद्यावर वर्षानुवर्षं निघतं. पश्म त्याच्या अगदी उलट टोकाची. बारीक, आखूड, नाजूक. पुढचं प्रत्येक काम हळू का चालतं, त्यात एवढे हात का लागतात आणि भाव एवढा का होतो, याचं उत्तर या नाजूकपणातच आहे. शालीच्या सगळ्या कारागिरीचा एकच हेतू असतो, हा तंतू तुटू न देता त्याचं कापड करायचं.

पश्म घरी येते ती मळकट, तेलकट, केसांनी भरलेली. बायका ती हाताने निवडतात, आपण मेथी निवडतो तशी मांडी घालून, तासन्‌तास. मग भिजवलेल्या तांदळाच्या जाडसर पिठात ती मळतात. पीठ लोकरीतलं तेल ओढून घेतं आणि लोकर मोकळी होते. साबणाने हे होत नाही, साबणाने ती गोळा होऊन बसते. पीठ झटकून लोकरीची चपटी, हलकी पेळू करतात आणि ती चरख्याकडे जाते.

चरख्याला तिकडे ‘यंदर’ म्हणतात. श्रीनगरच्या जुन्या शहरातल्या एका माडीवर, मांडीशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंसमोर मी पहिल्यांदा पश्म कातायला बसले. कापूस मला कातता येत होता, त्यामुळे हात आधीच तयार आहे अशी माझी समजूत. पहिल्या तासाभरात एक वीतभर धागा काही निघाला नाही. कापसाच्या सवयीने मी पेळू ओढत होते आणि दर वेळी हातात नुसता फुगा येत होता. बाईंनी माझा डावा हात धरला, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली पकड इतकी सैल करून दिली की लोकर हातात आहे की नाही हेच कळेना. म्हणाल्या, “बेटा, खेचू नकोस. चाक फिरू दे, तो आपणहून येतो.” आणि खरंच आला. चाकाच्या पिळानेच तंतू एकमेकांना धरत पुढे सरकत होते, माझ्या बोटांनी फक्त वाट द्यायची होती. तो धागा मी अजून जपून ठेवलाय. कुठे सुईत ओवायला जाड, कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखा.

त्यांचा धागा माझ्यापेक्षा कितीतरी सारखा होता, पण पूर्ण सारखा नव्हता. हातकाताईचा धागा कधीच नसतो. इथेच तुमची पहिली खरी कसोटी आहे. शालीचा साधा, नक्षी नसलेला भाग खिडकीसमोर धरा, सकाळच्या उजेडात. हातसुताची शाल असेल तर कापडात पातळ ढगासारख्या दाट-विरळ लाटा दिसतील, एखादा धागा मध्येच किंचित फुगलेला दिसेल. यंत्राचं सूत असेल तर जाळीसारखा सगळीकडे एकच पोत. घड्याळजीचं भिंग मिळालं तर पाच मिनिटांत खात्री होते.

यंत्रावर पश्म कातत नाहीत असं नाही, आता भरपूर कातली जाते. पण शुद्ध पश्म यंत्राचा ताण सोसत नाही. म्हणून कित्येकदा तीत नायलॉन मिसळतात, कापड विणून झालं की आम्लात बुडवून ते नायलॉन विरघळवून टाकतात. उरतो तो शंभर टक्के पश्मिना, कागदावर. पण त्या आम्लाने लोकरीचाही जीव गेलेला असतो. अशी शाल पहिल्या हिवाळ्यात मऊ लागते आणि काही वर्षांत विरायला लागते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ‘नव्या’ शालींत या प्रकारच्या बऱ्याच असतात आणि त्यांना रफू घालणं अवघड, कारण रफूचा टाका धरून ठेवायला भोवतालचं कापड खंबीर लागतं.

याचा मार बसला तो कातणाऱ्या बायकांना. त्यांची मजुरी पूर्वापार गाठीवर मोजतात: ठरावीक लांबीचे दहा धागे बांधले की एक गाठ, गाठीला इतके पैसे. यंत्राचं सूत स्वस्तात आल्यावर तो दर वर्षानुवर्षं हललाच नाही आणि हजारो घरांत यंदर माळ्यावर गेली. अलीकडे काही संस्थांनी दर वाढवून बायकांना परत बोलावलं आहे. हातसुताची शाल घेताना आपण जास्तीचे पैसे कशाचे देतो, असं कुणी विचारलं की मी या गाठींचा हिशोब सांगते.

सुतानंतरची कामं मी भराभर सांगते. दोन धागे एकत्र पिळतात, ताणा लावतात, त्याला तांदळाची खळ देऊन पाजणी करतात म्हणजे मागावर घासून तुटायचा नाही. विणकर, तिकडचा ‘वोवुर’, बहुतेक वेळा तिरकी वीण घेतो. साध्या शालींत एक वीण मला फार आवडते, ‘चश्म-ए-बुलबुल’, बुलबुलचा डोळा. बारीक बारीक चौकटी, प्रत्येकीत जणू एक ठिपका. लांबून कोरी शाल वाटते, उन्हात नेली की सगळे डोळे उघडतात. मागावरून उतरल्यावर चिमट्याने एकेक गाठ, एकेक राठ केस वेचून काढणारा कारागीर वेगळा, धुणारा वेगळा. मग हवी तर सोझनी, म्हणजे सुईचं बारीक भरतकाम, करणारा आणखी वेगळा.

तुमची शाल मात्र भरतकामाची वाटत नाही. ती कानी असावी. कानी म्हणजे नक्षी वरून काढलेली नाही, कापडाबरोबरच विणलेली. यात आडवा धागा धोट्याने या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला आपली वेगळी लाकडी काडी, तिला कानी किंवा तुजी म्हणतात. पैठणी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पैठणीच्या पदरात मोराच्या निळ्याची तिल्ली वेगळी, पोपटाच्या हिरव्याची वेगळी, आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे. तत्त्व तेच. फरक असा की पैठणीची वीण साधी, एक वर एक खाली, त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. कानीची वीण तिरकी, आणि विणकर उलट्या बाजूने काम करतो. त्याच्या डोळ्यांसमोर शालीची पाठ असते, नक्षीचं तोंड जमिनीकडे. महिनोन्‌महिने तो जे विणतो ते त्याला सुलटं दिसत नाही.

मग त्याला कळतं कसं कुठे काय विणायचं? तालमीवरून. आपल्याकडे तालीम म्हणजे आखाडा किंवा नाटकाची तयारी, तिथे तालीम म्हणजे नक्षीची लिपी. नक्काश चित्र काढतो, रंग ठरवणारा ठरवतो, आणि तालीम-गुरू ते सगळं आकड्यांच्या आणि रंगांच्या खुणांत उतरवतो. लांब, अरुंद कागद, त्यावर ओळीमागून ओळ आकड्या. एक ओळ म्हणजे शालीतला एक आडवा धागा. कानिहामात मी ज्या मागाशेजारी बसायचे तिथे धाकटा भाऊ ओळ वाचायचा आणि थोरला विणायचा. “दोन लाल, एक पिवळा, चार मोतिया, एक काळा…” प्रत्येक शब्दाला थोरल्याचा उजवा हात त्या रंगाची काडी उचलायचा, सांगितले तेवढे उभे धागे ओलांडायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा, काडी सोडून द्यायचा. शंभराच्या वर काड्या कापडाच्या कडेला लोंबकळत होत्या आणि त्याला एकीकडेही बघावं लागत नव्हतं. अख्खी ओळ झाली की फणी ठोकायची, एकदाच, हलकी. मी घड्याळ लावलं होतं. त्या भरगच्च पदरात एका ओळीला जवळपास बारा मिनिटं गेली. दिवसअखेर बोटाच्या पेराएवढीही उंची वाढली नव्हती. संबंध शाल व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, जामेवार, म्हणजे अंगभर नक्षीची, असेल तर त्याहून जास्त.

आता तुमची शाल पालथी करा. सगळा निकाल तिथे आहे.

जिथे दोन रंग भेटतात तिथे पाठीवर बारीक उंचवटा हाताला लागतोय का? नखाने हळूच चाचपा, शिवण असावी तशा रेघा प्रत्येक कोयरीच्या कडेने फिरतील. आणि एका रंगाचा धागा दुसऱ्या रंगाच्या मागून मोकळा पळताना दिसणार नाही. असं असेल तर ती कानी आहे, हाताची आहे. पाठीवर आडवे, मोकळे धागे पळताना दिसले, किंवा ते कापून टाकल्यासारखी आडव्या ओळींत बारीक कुसळं दिसली, तर ती जॅकार्डची, म्हणजे नक्षी यंत्राने विणणाऱ्या मागावरची. आणि पाठीवर टाके, गाठी, सुईच्या उड्या दिसल्या तर ते भरतकाम, ज्याला ‘अमली’ म्हणतात. तेही हलकं समजू नका. एकोणिसाव्या शतकात विणलेल्या नक्षीची हुबेहूब नक्कल सुईने करणारे कारागीर होते, सुलट्या बाजूने भले भले फसतात.

तिसरी गोष्ट बघा, जोड. भिंगातून पदराच्या जवळ, उजेडाकडे धरून. एकोणिसाव्या शतकात मागणी इतकी वाढली की एकच शाल अनेक मागांवर तुकड्या-तुकड्यांनी विणायला घेत आणि रफूगर ते तुकडे जोडत. हा जोड सुलट्या बाजूने दिसत नाही, चांगला असेल तर बोटालाही लागत नाही. लोकांना शालीत जोड सापडला की वाईट वाटतं. वाटू देऊ नका. तो जोड त्या काळाची खूण आहे.

जॅकार्ड निघाली तर? तरी टाकून देऊ नका. त्यामागे मोठा इतिहास आहे. नेपोलियनची फौज १७९८मध्ये इजिप्तला गेली, तिथून अधिकाऱ्यांनी काश्मिरी शाली भेट म्हणून घरी नेल्या. सम्राज्ञी जोसेफिनने त्या गोळा केल्या, पाठोपाठ सगळ्या पॅरिसने. काश्मीरहून माल पुरा पडेना, परवडेनाही. मग फ्रान्समध्ये, इंग्लंडात नॉर्विचला, स्कॉटलंडमध्ये एडिंबरा आणि पेझली गावांत नकला सुरू झाल्या. १८०४च्या सुमाराला ल्योंच्या जॅकार्डने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला, आणि तालमीच्या लिपीचं काम पुठ्ठा करू लागला. पेझलीचा माल इतका खपला की आपल्या कोयरीला जगाने त्या गावाचं नाव दिलं. तुमची शाल दीडशे वर्षांपूर्वीची युरोपी असेल तर तिचीही किंमत आहे, फक्त ती वेगळी गोष्ट आहे एवढंच.

कोयरीवरून वयही कळतं. सतराव्या शतकातल्या शालींत पदर अरुंद, वीतभर, आणि त्यात एकेक सुटं फुलझाड, मुळांसकट, वाऱ्याने जरासं झुकलेलं. पुढे एका झाडाचा गुच्छ झाला, गुच्छाखाली फुलदाणी आली, मग गुच्छाला बाहेरून रेघ पडली आणि टोक एका बाजूला वळलं. १८००च्या आसपास ती कोयरी पक्की झाली. त्यानंतर युरोपी दलालांच्या आवडीने ती लांबत गेली, मान वळवत गेली, शेवटी सबंध शालभर पसरली. तुमच्या कोयऱ्या लांब मानेच्या आहेत आणि पदर हातभर उंच, म्हणून माझा अंदाज एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांचा. फोटो न बघता यापुढे जाणं बरोबर नाही.

या कलेची सुरुवात कुठून, यावर काश्मीरमध्ये दोन नावं घेतात: चौदाव्या शतकातले सूफी मीर सय्यद अली हमदानी आणि पंधराव्या शतकातला सुलतान झैन-उल-आबिदीन. अकबराने १५८६मध्ये काश्मीर घेतलं, त्यानंतरचं चित्र स्पष्ट आहे. आइन-इ-अकबरीत शालींवर मजकूर आहे, आणि शाल दुहेरी घ्यायची रीत अकबराची म्हणून नोंदलेली आहे. दोन शाली पाठीला पाठ लावून जोडायच्या म्हणजे उलटी बाजू दिसतच नाही. हा दोशाला, आणि तीच आपली शालजोडी. ‘शालजोडीतला’ टोला आपण सहज म्हणतो, पण पेशवाईच्या कागदांत मानाच्या वस्त्रांमध्ये शालजोडी खरोखरच असते. आजचं शाल-श्रीफळ त्याच रिवाजाचं शेपूट. म्हणून पुण्यात, साताऱ्यात, संस्थानिकांच्या आणि जुन्या कारभाऱ्यांच्या घरांत काश्मिरी शाल निघणं मला नवल वाटत नाही. तुमच्या आजीच्या माहेरी असा काही धागा असेल तर विचारून, लिहून ठेवा. कुणाला, कुणाकडून, कधी मिळाली, एवढ्या चार ओळींनी शालीची किंमत बदलते.

१८४६च्या अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगांना दिलं, त्यात वर्षाची खंडणी अशी ठरली: एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या आणि तीन शालजोड्या. पण ज्यांच्या हातांनी त्या शालजोड्या व्हायच्या त्यांचं काय चाललं होतं? अफगाण अमलापासून शालींवर ‘दाग-शाल’ खात्याचा शिक्का आणि कर असे. गुलाबसिंगांच्या डोग्रा घराण्याच्या काळात कर इतके चढले की विणकराला कारखानदाराचं कर्ज फिटेना आणि काम सोडून जाण्याचीही मुभा नव्हती. २९ एप्रिल १८६५ला श्रीनगरच्या झालडगर भागात शालबाफांनी, म्हणजे शाल विणणाऱ्यांनी, मोर्चा काढला. फौजेने तो मोडला, काही भाल्यांनी गेले, काही पुलावरून पाण्यात पडून. २८ मृत्यू सांगितले जातात. संघटित कामगारांच्या मोर्चाच्या नोंदी आपण मुंबईच्या गिरण्यांपासून मोजतो, ही त्याच्या आधीची आहे. मी जुन्या शालीवर काम करते तेव्हा तिच्या वयाचा अंदाज मनात येतो आणि त्याबरोबर हे वर्षही येतं. १८६५च्या आधीची की नंतरची?

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७०मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध लागलं. पॅरिसचा बाजार बसला, फॅशन बदलली. १८७७पासून काश्मीरमध्ये मोठा दुष्काळ पडला, विणकर मेले किंवा अमृतसरकडे निघून गेले. कानी जवळजवळ संपली. कानिहामासारख्या एका-दोन गावांत थोड्या घरांनी ती धरून ठेवली, विसाव्या शतकात पुन्हा मांडली, म्हणून आज आपल्याला तिच्यावर बोलता येतंय.

नवी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. दोन हजारांची ‘पश्मिना’ पश्मिना नसते. ती मेरिनोची रफल असेल, किंवा व्हिस्कोस, किंवा ॲक्रिलिक. रफल वाईट नाही, उबदार असते, फक्त रफल म्हणून विकली पाहिजे. झालरीचा एक धागा जाळून बघितला तर ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो, व्हिस्कोस कागदासारखा जळतो, लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख चिमटीत भुगा होते. पण मेंढीची लोकरही तशीच जळते, त्यामुळे एवढ्याने पश्मिना सिद्ध होत नाही. ते प्रयोगशाळेतच होतं. ‘कश्मीर पश्मिना’ला २००८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि श्रीनगरच्या केंद्रात तंतू सोळा मायक्रॉनच्या आत, सूत हाताचं आणि वीण हाताची अशा तिन्ही गोष्टी तपासून शालीला लेबल लावतात. भारतीय मानक ब्युरोचं पश्मिन्याचं वेगळं मानकही २०१९पासून आहे. पूर्ण आकाराची, हातसुताची, हातविणीची साधी पश्मिना पंधरा हजारांच्या खाली कुणी देत असेल, तर मी आधी सूत बघेन आणि मग लेबल.

तुमच्या शालीचं आता काय करायचं ते सांगते. धुवायची नाही. शिकत असताना मी एका जुन्या तुकड्याचा कोपरा कोमट पाण्यात बुडवला होता, लाल रंग मोतियात उतरला तो आजवर निघाला नाही. इस्त्री नाही, ड्रायक्लीनही नाही. सावलीत, पांढऱ्या चादरीवर पसरून मऊ ब्रशने झटका. कसरीची अंडी आत असू शकतात, म्हणून पूर्ण कोरडी शाल मलमलीत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर शालीवर दव धरेल. त्यानंतर प्लॅस्टिक नको. जुन्या, खळ गेलेल्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा, कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी, शालीला न टेकणारी. डांबराच्या गोळ्या नकोत. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, कारण जुनी लोकर घडीवरच मोडते. पावसाळा संपला की एकदा वारा द्या.

भोकांना घरी हात लावू नका, चिकटवण्याचं कापड तर नकोच. चांगला रफूगर, काश्मिरी असो वा नजीबाबादचा, जुन्या शालीतून निघालेलाच धागा वापरतो, त्यामुळे रंगही जुळतो आणि वयही.

एवढं झालं की मला तीन फोटो हवेत. पदराची पाठ, शेजारी पट्टी ठेवून. साधा भाग खिडकीच्या उजेडासमोर धरून. आणि कसरीने खाल्लेल्या एका भोकाचा, जितक्या जवळून घेता येईल तितका. भोकाच्या कडेला उभे आणि आडवे धागे सुटे दिसतात, सूत हाताचं की यंत्राचं ते तिथे सगळ्यात स्वच्छ कळतं.